डांबरगोळ्या दुप्पट करू नका, आधी कपडे नीट बघा

ताई, आईची पैठणी आणि काश्मिरी शाल तीन वर्षं माळ्यावरच्या पेटीत होती, डांबरगोळ्याही टाकल्या होत्या, तरी गौरींच्या आधी पेटी उघडली तर दोन्हींना भोकं पडलेली. आता गोळ्या दुप्पट टाकू की पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू, असं तुम्ही विचारलंय. शिवाय बहीण बाळंतपणाला यायची आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही नको, निदान आज तरी नको.

पैठणी आधी चादरीवर पूर्ण उलगडून बघा. चिरा घडीच्या रेषेवरच असतील तर तो किड्याचा उद्योग नव्हे. जरीचं वजन आणि वर्षानुवर्षं तीच घडी यांमुळे रेशीम तिथे विरतं. त्यावर जगातली कुठलीही गोळी चालणार नाही. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळी घालणं एवढंच हातात असतं. भोकं मधेच कुठेतरी, वेडीवाकडी असतील तर मात्र कसर.

आपण सगळ्यालाच कसर म्हणतो, पण खाणारे निदान तीन वेगळे असतात आणि इलाज त्यावर ठरतो. पहिला म्हणजे फिकट सोनेरी, जेमतेम तांदळाएवढा पतंग. हा पतंग स्वतः काहीच खात नाही, खाते त्याची अळी. तिला लोकर, केस, पिसं, रेशीम असं प्राणिजन्य लागतं. भोकाभोवती जाळीसारखे तंतू आणि रवाळ विष्ठा दिसली की हीच. (हा पतंग उजेड टाळतो. रात्री ट्यूबभोवती घिरट्या घालणारं पाखरू बहुतेक तुमच्या तांदळाच्या डब्यातलं असतं, त्याच्यासाठी कपाट उपसू नका.) दुसरा कार्पेट बीटल. त्याची अळी तपकिरी आणि केसाळ असते, जाळी करत नाही, पण कात टाकून जाते. मोठा झालेला ठिपकेदार भुंगेरा फुलांच्या परागांवर जगतो, म्हणून खिडकीच्या काचेवर सापडतो. तिसरी ती चंदेरी कसर (सिल्व्हरफिश), बिनपंखांची, वळवळत पळणारी. ती लोकरीच्या वाटेला फारशी जात नाही. तिला खळ, कागद आणि सुती कापड आवडतं, आणि दमट हवा तर लागतेच.

आता एक पुणेरी प्रश्न. तुमच्या बाल्कनीत किंवा एसीच्या मागे कबुतरांचं घरटं आहे का? हसू नका. पिसं आणि मेलेली पिल्लं म्हणजे कार्पेट बीटलचं आणि पतंगाचं माहेर. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं मी कपाट पुसत राहिले आणि भुंगेरे येतच राहिले. शेवटी बेडरूमच्या खिडकीबाहेरचं रिकामं घरटं काढून जाळी लावली, तेव्हा थांबले. घरटं काढताना नाकाला मास्क हवाच.

माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. अळीला नुसतं कोरं, स्वच्छ कापड फारसं पोसत नाही. तिला हवा असतो त्यावरचा घाम, तेल, सांडलेलं अन्न. हे मला सासऱ्यांच्या मुकट्याने, म्हणजे पूजेच्या रेशमी सोवळ्याने, शिकवलं. पूजा झाली की झटकून, घडी घालून आत, ही आमची पद्धत. एका गणपतीला मुकटा काढला तर भोकं फक्त मांडीवर, जिथे दरवर्षी पंचामृत सांडायचं. काठ आणि पाठ जशीच्या तशी! तेव्हापासून आमच्याकडे एकदाच नेसलेला कपडासुद्धा तसाच आत जात नाही. साधं रेशीम आणि लोकर रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुते, रंग जाणार नाही याची कोपऱ्यावर खात्री करून. भारी जर असेल तर ड्रायक्लीन. सुती साड्यांना खळ घालायची ती नेसायच्या वेळी. खळ घालून ठेवून देणं म्हणजे चंदेरी कसरीला पान वाढून ठेवणं. पेटीच्या तळाशी वर्तमानपत्र घातलं असेल तर तेही काढा, त्याऐवजी धुतलेलं जुनं धोतर घाला.

शालीत अळ्या किंवा अंडी अजून असतीलच असं धरून चाला. शाल आणि लोकरी कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड घट्ट बांधा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंशांना किमान ७२ तास लागतात, घरच्या फ्रिजचा भरवसा नसतो म्हणून मी आठवडाभर ठेवते. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, नाहीतर गार कापडावर पाणी धरतं. दिवसभर तशीच राहू द्या, मग उघडून अंगणात किंवा गच्चीत ब्रशने झटका. शिवणी, काठ आणि कॉलरची आतली बाजू विसरू नका. सासूबाईंना आमची शाल मटाराशेजारी बघून पहिल्यांदा धक्का बसला होता, आता त्याच आठवण करून देतात. जरीची पैठणी मात्र मी फ्रीझरमध्ये घालत नाही. ती उलटी करून सावलीत वाऱ्यावर टाकते, मऊ ब्रश फिरवते आणि मलमलीत गुंडाळते.

हे सगळं पावसाळ्यात करू नका, दमट कपडा पेटीत गेला की सगळी मेहनत फुकट. ऑक्टोबर हीटचे आठ-दहा कोरडे दिवस यासाठीच असतात असं मी मानते. पेटीही रिकामी करून सांधे-कोपरे व्हॅक्यूमच्या बारीक नळीने साफ करा, अंडी तिथेच असतात.

डांबरगोळ्यांबद्दल. तीन वर्षांत तुमच्या गोळ्या कधीच उडून गेल्या असणार. त्यांची वाफ किड्याला मारते ती बंद जागेत, पुरेशी साठली तर. फटी असलेल्या पेटीत फक्त वास येतो. ती वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून वापरायच्याच तर कपड्यांच्या वर, कापडात बांधून ठेवाव्यात, जरीला टेकवून कधीच नाही. नॅफ्थलीनची डांबरगोळी आणि दुसऱ्या रसायनाची, पॅराडायक्लोरोबेंझीनची गोळी एकत्र आली तर दोन्ही वितळून डाग पडतात.

पण बाळ येतंय म्हटल्यावर माझं ऐका, घरातून त्या काढूनच टाका. झबली, टोपडी, दुपटी यांत तर एकही नको. ज्या बाळात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि जोराची कावीळ होते. आणि बाळात ते कमी आहे की नाही, हे कपडे घालताना कोणाला माहीत असतं?

मी वेखंड वापरते. मंडईच्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, कुटून मलमलीच्या पुरचुंडीत बांधायचं, वर चार लवंगा. कडुलिंबाचा पाला चालतो, पण कुरकुरीत वाळलेला. ओलसर राहिला तर डागही पडतात आणि बुरशीही येते. भाबडी आशा मात्र ठेवू नका. हा वास नव्या पाहुण्याला लांब ठेवतो, आत मुक्काम ठोकलेल्याला हलवत नाही. पुरचुंडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला.

पेस्ट कंट्रोलवाले झुरळांची जेल लावून जातात, त्याचा या अळ्यांशी काही संबंध नाही.

जाता जाता, पेटीत सत्काराच्या शाली असतील तर त्यांची काळजी करू नका. पुण्यात श्रीफळाबरोबर मिळणाऱ्या बहुतेक शाली ॲक्रिलिकच्या असतात. एक धागा जाळून बघा: गोळी झाली तर ॲक्रिलिक, केस जळाल्याचा वास आला तर लोकर.

पैठणीला रफू करून घ्यायचं असेल तर आधी वारा आणि ब्रश पूर्ण करा, मगच कारागिराकडे न्या. आमच्या एका शेजारणीने घाईघाईत तसंच रफू करून घेतलं आणि दिवाळीत रफूच्या शेजारी दुसरं भोक दाखवायला आली.