फिलिपिन्समध्ये बांगुसची शेती एवढी कशी रुजली? आमच्या खाडीकाठच्या खाजणात जमेल का?

तुमचं खाजण मी पाहिलेलं नाही, पण मत्स्यशास्त्र शिकल्यावर काही महिने फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या बाजूला राहिलोय, तेव्हा तिथलं सांगतो.

वाढायला बांगुस, म्हणजे मिल्कफिश, तुमच्याकडेही वाढेल. निमखारं पाणी त्याला मानवतं. घोडं अडतं बियाण्यापाशी. हा मासा वयात यायलाच पाचेक वर्षं घेतो आणि अंडी घालतो समुद्रात, तळ्यात नाही. म्हणून तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर बारीक जाळ्यांनी मत्स्यजिरे, म्हणजे माशाची इवली पिल्लं, धरत आले. पारदर्शक दोरा आणि त्याला दोन काळे डोळे, एवढंच दिसतं! एका पांढऱ्या टोपात जिरे मोजायचे आणि बाकीचे टोप त्याच्याकडे बघून नजरेनंच तेवढे भरायचे. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. १९७३ साली इलोइलोजवळ तिगबावानला सीफडेक या आग्नेय आशियाई देशांच्या मत्स्यसंस्थेचं केंद्र निघालं आणि १९८० मध्ये पिंजऱ्यात वाढवलेल्या माशांनी अंडी दिली, तेव्हा कुठे हॅचरीची, म्हणजे अंड्यांतून बियाणं तयार करण्याची, वाट मोकळी झाली.

दुसरी खुबी तळाच्या चिखलात. तळं आटवून भेगा पडेपर्यंत वाळवतात, कोंबडखत टाकतात, वर चार बोटं पाणी घेतात. काही दिवसांत तळावर शेवाळाची पिवळट-तपकिरी साय धरते. तिला म्हणतात लबलब. मग हळूहळू पाणी चढवून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची; ती ही साय खाऊन वाढतात. बराच काळ विकतचं खाद्य लागत नाही. काढणीही मजेची: आपल्याकडे मानशीला, म्हणजे बांधातल्या दाराला, ओहोटीच्या वेळी जाळं लावतात, तिथं भरतीला दार उघडतात. ताजं पाणी आत आलं की बांगुस उलटा प्रवाहावर धावतो आणि दाराजवळच्या छोट्या तळ्यात आपणहून गोळा होतो.

हाव मात्र करू नका. फिलिपिन्समध्येच बोलिनाओला खाडीत परवानगीपेक्षा कितीतरी जास्त मासे वाढवायचे पिंजरे लागले आणि २००२ मध्ये मासे प्राणवायूअभावी ढिगांनी मेले. तळ्यांपायी तिथं खारफुटीही फार गेली. ती चूक आपण करायचं कारण नाही.

आपल्याकडे चेन्नईच्या सिबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये याचं प्रजनन साधलं आहे. आधी तिथं फोन करून बियाणं कधी, किती मिळेल ते विचारा, मगच बांधाला हात लावा. आणि काटे! एका माशात दोनशेच्या आसपास. तिथल्या बाजारात बायका चिमट्यानं एकेक उपसून मासा विकतात. तुमच्या गावात ते कोण करणार?