हापूसचा हिशोब आणि जुनं विंडोज

प्रश्न : आमची देवगडला हापूसची बाग आहे. कुठल्या दलालाकडे किती पेट्या गेल्या, पट्टी किती आली, गड्यांची मजुरी किती झाली, हे सगळं माझ्या सासऱ्यांनी एका जुन्या डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या काळातल्या) प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलंय. ते आता नाहीत. त्यांचा २०११चा लॅपटॉप विंडोज ७ वर चांगला चालायचा. दिवाळीत मुलाने दुकानात नेऊन त्यावर विंडोज १० घालून आणलं. हिशोबाचा फोल्डर डी ड्राइव्हवर आहे, पण प्रोग्रॅम उघडत नाही. लॅपटॉपही फार रखडतो. विंडोज ७ परत घालता येईल का?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : ताई, घालता येईल. पण आज पहिलं काम दुसरंच करा. तो अख्खा फोल्डर दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि एक पेनड्राइव्ह घराबाहेर, नातेवाइकांकडे ठेवा. विंडोज कधीही मिळेल, सासऱ्यांच्या नोंदी पुन्हा मिळायच्या नाहीत. त्या फोल्डरात नावाच्या शेवटी डीबीएफ (.dbf) असलेल्या, म्हणजे तक्त्यातल्या नोंदींच्या फायली दिसल्या तर एक्सेल किंवा लिबरऑफिसमध्ये उघडून बघा. बहुतेक वेळा प्रोग्रॅमशिवायही आकडे वाचता येतात.

आता मूळ दुखणं. विंडोज ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन प्रकारांत येतं, आणि माझा अंदाज असा की दुकानदाराने ६४-बिट विंडोज १० घातलंय. डॉसचे जुने प्रोग्रॅम १६-बिट असतात आणि कुठल्याच ६४-बिट विंडोजवर ते थेट चालत नाहीत. म्हणजे उद्या कोणी ६४-बिट विंडोज ७ घालून दिलं, तरी तुमची अडचण तशीच राहील. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम टाइप' बघा, तिथे लिहिलेलं असतं. आधीचं विंडोज ७ बहुधा ३२-बिट होतं, तेच परत मागा.

मागे जायला विंडोज १० फक्त १० दिवस देतं, तेही जुन्यावरच अपग्रेड केलं असेल तर. ती वाट आता बंद. कंपनीने डिस्कवर ठेवलेला रिकव्हरीचा भाग शाबूत असेल तर काम सोपं होतं, पण त्याने बाकीचं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी कॉपीचा आग्रह धरला. तो भाग दुकानात उडाला असेल, तर लॅपटॉप उलटा करा. खाली चिकटवलेल्या स्टिकरवर २५ अक्षरांची की (विंडोजचा परवाना क्रमांक) आणि होम बेसिक, होम प्रीमियम असं काहीतरी लिहिलेलं असेल. घालताना तीच आवृत्ती हवी. आपल्या दमट हवेत ही अक्षरं पुसट होतात, तेव्हा आजच फोटो काढून ठेवा. फुकट की देणाऱ्या साइटच्या वाटेला अजिबात जाऊ नका. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. बॅटरी गेलेली असेल आणि मध्येच लाईट गेली, तर सगळं अर्धवट राहतं.

तरीही मी तुमच्या जागी असतो तर विंडोज ७ ला दुसरा नंबर दिला असता. आधी डॉसबॉक्स-एक्स हा मोफत प्रोग्रॅम घालून बघा. त्यात डॉसचे प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवरही चालतात आणि छपाईचीही सोय आहे. तिथे हिशोब उघडला तर काहीच बदलायला नको.

लॅपटॉप रखडतो तो मुख्यतः जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा आणि रॅम ४ जीबी आहे ना बघा. फरक लगेच कळेल. जुनी डिस्क मात्र दुकानात सोडू नका, घरी आणा.

विंडोज ७ च घातलंत, तर त्या लॅपटॉपला इंटरनेट जोडू नका. १४ जानेवारी २०२० पासून त्याला सुरक्षेची अपडेट्स मिळत नाहीत. विंडोज १० चाही सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बँकेचे व्यवहार यापुढे मोबाइलवरच करा. फायली न्यायला पेनड्राइव्ह पुरेल.