मामेभाऊ गे आहे, शाळेत छळतात; मामा-मामींना सांगू का?

दहावीतल्या मामेभावाने फक्त तुम्हाला सांगितलंय ना? मग त्याला विचारल्याशिवाय घरी अजिबात बोलू नका. सध्या त्याचा आधार तुम्हीच. ट्रेव्हर प्रोजेक्ट या एलजीबीटीक्यू (समलिंगी, ट्रान्स वगैरे) मुलांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेच्या २०१९च्या पाहणीत, आपल्याला स्वीकारणारं एक तरी मोठं माणूस असलेल्या अशा मुलांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी दिसलं. एक माणूस!

मला शाळेत 'बायल्या' म्हणायचे. दर सोमवारी सकाळी पोटात दुखायचं, आई ओवा द्यायची. मधल्या सुट्टीत डबा घेऊन मी ग्रंथालयात बसायचो. तिथल्या बाई कधी काही विचारायच्या नाहीत, फक्त 'भाजी कुठली रे आज?' एवढंच. तेवढ्यावर माझं वर्ष निघालं.

शाळेत तक्रार करायची तर छळाचीच करा. तो गे आहे हे सांगायची गरज नाही. तारखा लिहून ठेवा, मेसेजचे स्क्रीनशॉटही. पुढेमागे घरी कळलं आणि कुणी 'बरं करणारा' डॉक्टर सुचवला, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत, हे मामांना ठणकावून सांगा. जिवाचं काही बोलला तर मात्र त्याला एकटं सोडू नका, घरातल्या विश्वासू मोठ्या माणसाला लगेच बोलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.