परसातला बार पावसात टिकेल का?

प्रश्न : आमचं घर अलिबागजवळ नागावला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मागे परसात, दोन माडांच्या मधोमध, दहा बाय बारा फुटांची जागा रिकामी आहे. ह्यांना तिथे गोव्यातल्या शॅकसारखा बार करायचाय. बांबूचे खांब, झावळ्यांचं छप्पर, मशाली, भिंतीवर लाकडी मुखवटे. मला पावसाळ्याची धास्ती, आणि सासूबाईंना ही कल्पनाच नको आहे. काय करावं?
– एक वाचक, नागाव

उत्तर : गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक मे अखेरीला उतरवतात, हे आधी ह्यांच्या कानावर घाला. त्यांना पाऊस काढायचाच नसतो. तुमचा बार जुलैतही तिथेच असणार, तेव्हा मुखवटे राहू देत, छपराचं बोलू.

माडांच्या मधोमध मात्र नको. वरून नारळ पडला तर स्टूलवरच्या पाहुण्याचं काय होईल? जागा सरकवा, नाही जमलं तर पाडेल्याला वेळच्या वेळी बोलवा. छपराला सरळ पत्रा घाला आणि झापं त्यावर बांधा. उतार चांगला 45 अंशांचा ठेवा, पागोळ्या दोन फूट बाहेर पडू देत. झापं कुजतात, ती बदलत राहावी लागतात. खाली पत्रा असला की गडी दिवाळीनंतर उगवला तरी बिघडत नाही.

बांबू सिंधुदुर्गातला माणगा मागवा. सरळ वाढतो, आतून जवळजवळ भरीव असतो. तीन वर्षांपेक्षा कोवळी काठी घेऊ नका. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवलेलीच घ्या, नाहीतर भुंगेरा लागतो आणि त्याचं पिवळं पीठ थेट पेल्यात पडतं. खांब मातीत पुरायचे नाहीत. जांभ्याची फूटभर बैठक करून तिच्यावर उभे करा. सांधे काथ्याने बांधा. आत बोल्ट घालायचेच असतील तर स्टेनलेसचे. खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचा टिकाव लागत नाही.

ओट्याची उंची 42 इंच, स्टूल 30 इंचांचं. दर्शनी बाजूला जांभ्याचा चिरा उघडाच ठेवा, गिलावा करून त्याचा रंग घालवू नका. वरची फळी फणसाची किंवा काळ्या ग्रॅनाइटची. संगमरवर नको, लिंबाने त्यावर डाग पडतात आणि ते जात नाहीत. बेसिनचं पाणी केळी-अळवाच्या वाफ्यात सोडलंत की बाराही महिने हिरवी भिंत उभी राहते. त्या पानांपुढे प्लास्टिकचे ताडमाड अगदीच केविलवाणे दिसतील.

मशाली झापांखाली अजिबात नकोत. एलईडी माळ लावा, आणि त्या जोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, हवाच. मुखवट्यांची फॅशन कॅलिफोर्नियातली. 1930च्या दशकात तिथल्या रम विकणाऱ्या हॉटेलवाल्यांनी पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांवरच्या टिकी मूर्ती सजावटीला लावल्या. त्या बेटांवरच्या लोकांसाठी त्या पूर्वजांच्या आणि देवांच्या मूर्ती. आपल्याकडे सूप, रोवळी, जुनं मासळीचं जाळं असताना त्यांची गरज काय?

सासूबाईंना कोकम आगळ, पन्हं आणि सोलकढीचा अर्धा ओटा द्या. ह्यांच्यासाठी एवढंच, की 1949च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, आणायचा तर तो गोव्याहून परवान्याशिवाय आणता येत नाही. पाहुण्यांकडून पैसे घ्यायचा विचारही नको, ती विक्री झाली.

प्रश्न : करवंट्यांचे दिवे केले, पण आतून बुरशी धरतात.
– वाचक, मालवण

उत्तर : खोबऱ्याचा अंश राहिलाय. आतून काचेच्या तुकड्याने खरवडा, दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, मग जवसाचं तेल चोळा. बुडाला भोक पाडायला विसरू नका. पावसात करवंटीत पाणी साचलं की डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं.