जहांगीर आर्ट गॅलरीचा सामान्य माणसाला काय उपयोग?

‘जहांगीरसारखं ना-नफा कलादालन सामान्य माणसाच्या काय कामाचं? तिथे चित्रं विकत घेणारे श्रीमंतच जात असणार,’ असं तुम्ही विचारलंय.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. तिथलं चित्र विकत घ्यायची माझी ऐपत आजही नाही, तरी मुंबईला गेलो की जहांगीरला चक्कर होतेच. तिकीट नाही, आणि दारात ‘काय काम आहे?’ असं कुणी विचारत नाही. सकाळी ११ ते संध्याकाळी ७ कुणीही आत शिरावं.

सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ मध्ये, दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा भागात, वस्तुसंग्रहालयाच्या आवारात ही इमारत झाली. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. तेव्हापासून ती ट्रस्टकडे आहे, आणि खरा फरक इथेच पडतो. खासगी गॅलरी कुणाला दाखवायचं ते स्वतः ठरवते आणि चित्र विकलं गेलं की साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी किंमत ठेवून घेते. धंदा आहे, त्यात गैर काही नाही. पण ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही त्याला ती का उभं करेल? जहांगीरला चित्रकार कामाचे नमुने जोडून अर्ज करतो, समिती निवड करते, आणि दालन एका आठवड्यासाठी भाड्याने मिळतं. नंबर लागायला मात्र काही वर्षं जातात. आमच्याकडचे चार-पाच जण मिळून दालन घेतात, भाडं वाटून घेतात आणि आठवडाभर डोंबिवली-कल्याणच्या नातेवाइकांकडे मुक्काम ठोकतात.

आठवडा मंगळवार ते सोमवार. सोमवारी संध्याकाळी तिथे थांबून बघा. भिंतीवरची चित्रं भराभर उतरतात, बबल रॅप आणि चिकटपट्टीचा चरचराट सुरू होतो, कोपऱ्यात कुणीतरी न विकलेल्या चित्रांची यादी करत असतं. तोवर पुढच्याचा टेम्पो कुठे लावायचा यावर बाहेर वाद चालू असतो.

सामान्य माणसाचा फायदा म्हणाल, तर चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. टेबलावर कॅटलॉग, अभिप्रायाची वही, शेजारी पाण्याची बाटली. आमच्या सहलीतल्या सातवीच्या एका मुलीने अमूर्त चित्रासमोर उभं राहून चित्रकाराला सरळ विचारलं, ‘काका, हे उलटं टांगलं तर चालेल का?’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या गृहस्थांनी कॅनव्हास खाली उतरवला, उलटा धरला आणि म्हणाले, ‘बघ, आता हा निळा डोक्यावर पडतोय की नाही?’ पुढची दहा मिनिटं ती दोघं चित्रातला कुठला रंग जड वाटतो, कुठला हलका, यावर बोलत होती. माझ्या वर्षभराच्या तासांत मला हे जमलं नव्हतं.

तक्रारी आहेतच. भाड्याचा हिशेब आला की दर्जा वर-खाली होतो. घोडे, गणपती आणि बनारसचे घाट यांचा मला आता कंटाळा आलाय. पण त्याच भिंतींवर एम. एफ. हुसेन यांनी ‘श्वेतांबरी’ केलं होतं: दालनभर पांढरं कापड आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे तुकडे, चित्र एकही नाही. लोक चक्रावले होते. नावाजलेला आणि नवखा असे शेजारच्या दालनांत असतात, म्हणून एकाला बघायला आलेला माणूस सहज दुसऱ्याकडे डोकावतो. पावसाळ्यात नव्या मुलांसाठी मॉन्सून शो असतो, तो मी सहसा चुकवत नाही.

एक गोष्ट मात्र गेली ती गेली. आत ‘समोवार’ नावाचं चिंचोळं कॅफे होतं. १९६४ पासून चाललेलं, २०१५ मध्ये बंद झालं. एका चहावर तासभर बसून चित्रांवर भांडायची ती जागा होती, आणि माझ्या मते गॅलरीचं निम्मं काम ते कॅफेच करायचं.

बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार बसतात, समोर बसवून पोर्ट्रेट काढून देतात. दालनाचं भाडं ज्यांना झेपत नाही, असेही त्यांत आहेत. ‘सगळ्यांसाठी खुलं’ हे प्रेक्षकाच्या बाबतीत खरं आहे, चित्रकाराच्या बाबतीत अर्धंच. म्हणून वरळीचं नेहरू सेंटर, पुण्याचं बालगंधर्व कलादालन अशा जागाही हव्यात.

जाणार असाल तर सीएसएमटी किंवा चर्चगेटवरून चालत जा. मंगळवारी सकाळी टाळा, चित्रं टांगणं चालू असतं. आणि वहीत नुसतं ‘खूप छान’ लिहू नका. कुठल्या चित्रापाशी थांबलात तेवढं लिहा, चित्रकार रात्री ती वही वाचतात.