स्विफ्ट डिझेल २००० आरपीएमच्या खाली ओढतच नाही, टर्बो बदलावा लागेल का?

तुमची गाडी २०१४ ची, ९५ हजार किलोमीटर झालेली. दोन हजाराखाली दम नाही, खंबाटकी घाटात दुसऱ्या गिअरवरही रडते, आणि गॅरेजवाला म्हणतो टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) गेला. एवढ्या लक्षणांवर टर्बो बदलायला हो म्हणू नका. या १२४८ सीसी इंजिनाचा १९० एनएम टॉर्क कागदावरच २००० आरपीएमला मिळतो. त्याखाली एक्झॉस्टमध्ये टर्बो फिरवण्याइतका जोरच नसतो. तिथली सुस्ती हा या गाडीचा स्वभाव आहे, ती पूर्ण कधीच जाणार नाही.

म्हणून आधी बिघाड आहे की नाही ते ठरवा. मोकळ्या रस्त्यावर, इंजिन गरम असताना, तिसऱ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमला स्थिर चाला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. सेकंदाभरात गाडीने खेचलं तर टर्बो ठीक आहे. चढावर गिअर आधी उतरवा, काटा दोन हजाराखाली जाऊ देऊ नका. २५०० वरही मरगळ असेल तर शोध सुरू करा. आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही असं दिसलं तर मात्र क्लच घसरतोय, पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा आणि मोबाइलवर मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा, आकडा बघा. इंजिन बंद, चावी ऑन असताना तो हवेचा दाब दाखवतो: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५. आता वरचीच चाचणी कुणाला तरी शेजारी बसवून करा. पूर्ण ॲक्सिलरेटरवर आकडा २०० च्या पलीकडे जायला हवा. १४०-१५० वर अडकत असेल, किंवा पी०२९९ कोड असेल, तर बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, कमी पडतोय. बूस्ट पुरेसा आहे आणि तरी गाडी सुस्त, तर टर्बो निर्दोष; एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर), डिझेल फिल्टर, इंजेक्टर यांच्याकडे वळा.

बूस्ट कमी असेल तर पहिला संशय इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाइपांवर. खालच्या बाजूला, क्लिपजवळ चीर पडते आणि ती फक्त दाबाखाली उघडते, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. खुणा तीन: जोर दिला की सूं असा आवाज, काळा धूर, आणि पाइपाच्या बाहेर तेलकट चिकटलेली धूळ. (पाइपाच्या आत तेलाचा पातळ थर असतोच, तो दाखवून कोणी घाबरवलं तर घाबरू नका.) खात्री करायची तर एमएएफनंतरचा पाइप सोडवा, प्लंबिंगच्या दुकानातून त्या मापाची पीव्हीसी एंड कॅप आणा, तिला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा आणि क्लिपने घट्ट करा. इंजिनातून येणारा ब्रीदरचा पाइप बंद करायला विसरू नका, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या तेलाच्या घरात) जाऊन ऑइल सील निघतील. इंजिन बंद आणि थंड असताना पायपंपाने १० ते १२ पीएसआय भरा. त्याहून जास्त नको, आणि कॅपच्या समोर उभं राहू नका. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडे येतील तिथे गळती. थोडी हवा इंजिनाच्या व्हॉल्व्हमधून निसटते, ती सोडून द्या.

पाइप चांगले निघाले तर ईजीआर, म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला की कमी आरपीएमला दुहेरी नुकसान होतं: टर्बोकडे जाणारा एक्झॉस्ट मधेच वळतो आणि इंजिनात ताज्या हवेऐवजी जळका वायू शिरतो. शहरात रांगत चालणाऱ्या गाड्यांत हे फार. काढून कार्बन क्लीनरने साफ करा, गॅस्केट नवं घाला. पत्रा लावून ईजीआर बंद करून देणारे भेटतील. ते बेकायदेशीर आहे.

एमएएफ घाण झाला तर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) हवा कमी दिसते, धूर टाळण्यासाठी तो डिझेल कमी सोडतो आणि गाडी आळसावते. प्लग काढून चालवून बघा. चेक लाइट लागेल, पण गाडी सुधारली तर चोर सापडला. एमएएफ क्लीनरच वापरा, कार्ब क्लीनर नको. तारेला बोट लावू नका, पूर्ण वाळल्यावरच बसवा. तेल लावायचे परफॉर्मन्स एअर फिल्टर याच सेन्सरचं वाटोळं करतात.

वेस्टगेटबद्दल (बूस्ट जास्त झाला की एक्झॉस्टला टर्बो टाळून वाट देणारी झडप) एक गैरसमज ऐकू येतो, की त्याची नळी फाटली की बूस्ट पडतो. या ७५ पीएस इंजिनात तो बूस्टच्याच दाबावर उघडतो, त्यामुळे त्याची बारीक नळी फाटली तर बूस्ट कमी होत नाही, उलट प्रमाणाबाहेर वाढतो. कमी बूस्टसाठी झडप उघडी अडकलीय का ते बघा. ९० पीएसच्या व्हीजीटी (टर्बोतली पाती वळवून बूस्ट सांभाळणाऱ्या) इंजिनाचं गणित वेगळं: तिथे व्हॅक्यूमची नळी फाटणं किंवा काजळीने पाती जाम होणं हेच लॅगचं मोठं कारण.

पेडल बॉक्सवर पैसे घालवू नका, तो फक्त पेडलचा सिग्नल वाढवून सांगतो. रीमॅपने (ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलण्याने) फरक पडतो, पण गळती असलेल्या इंजिनावर रीमॅप म्हणजे टर्बोला जास्त पळवून लवकर मारणं.

टर्बो सर्वांत शेवटी तपासा. इनटेक पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा किंचित हलणं ठीक आहे, कारण बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं. पुढे-मागे खेळ जाणवला, पाती घराला घासलेली दिसली किंवा निळा धूर असेल तरच तो गेला. तेव्हाही नुसती कार्ट्रिज (टर्बोचा आतला फिरता भाग) बदलून भागतं का ते विचारा. आणि ऑइलचा फीड पाइप (टर्बोला तेल पोचवणारा) व त्याचा बँजो बोल्ट (ज्यातून तेल जातं तो पोकळ बोल्ट) नवा घ्या, रिटर्न पाइप साफ करा, तेल आणि फिल्टर बदला. टर्बो बहुधा तेलाविना मरतो. तोच चोंदलेला पाइप परत लावला तर नवाही तसाच जाईल. बसवताना फीडच्या भोकात थोडं तेल ओता, डिझेल बंद ठेवून स्टार्टर फिरवा, ऑइलचा दिवा विझला की मग इंजिन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं रेस न करता आयडलवर राहू द्या.