द्राक्षबागेत दोन ओळींच्या मध्ये हिरवळीचं पीक घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा: साक्री तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग, जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात ट्रॅक्टर रुततो. परदेशातल्या बागांच्या व्हिडिओत ओळींमध्ये बारमाही हिरवं गवत दिसतं, तसं आपल्याकडे चालेल का आणि काय पेरावं?

भाऊ, बारमाही गवत नको. ताग पेरा, म्हणजे पावसाळ्यात वाढवून कोवळा असतानाच कापायचा आणि जमिनीत कुजवायचा. आणि पेरायच्या आधी तो कधी कापायचा ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. माझी बाग पिंपळनेरच्या बाजूला आहे. ही तारीख चुकल्यानं मला एक अख्खा हंगाम भोगावा लागलाय.

व्हिडिओतली गोष्ट खोटी नाही, पण तिथलं ऋतुचक्र वेगळं आहे. कॅलिफोर्नियात पाऊस पडतो हिवाळ्यात, तेव्हा वेल पानं टाकून झोपलेला असतो. त्या फुकटच्या पाण्यावर मधलं पीक वाढतं आणि वसंतात ते कापतात. युरोपात जिथे पाऊस भरपूर, तिथे गवत मुद्दाम ठेवतात, जास्तीचं पाणी पिऊन वेलाचा माज कमी करावा म्हणून. आपला वेल पावसाळ्यात जागा असतो आणि चैत्र-वैशाखात, पारा चाळिशीच्या वर असताना, त्याला ठिबकच्या थेंबावर जगवावं लागतं. तेव्हा ओळीत गवत ठेवणं म्हणजे विहिरीतल्या पाण्याला वाटेकरी आणणं.

आता आपलं गणित. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या तयार करण्यासाठीची उन्हाळी छाटणी, उरकते. त्यानंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते, म्हणजे पुढच्या घडांचा पाया पडतो. त्या काळात नत्र आणि ओल वाढली की वेल शेंडे पळवतो आणि डोळे वांझ राहतात, म्हणून तेव्हा जमिनीशी खेळायचं नाही. जूनच्या मध्यापर्यंत हा टप्पा मागे पडतो. मृगाचा पाऊस दोन वेळा चांगला भिजवून गेला की पेरा. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिली पिवळी फुलं दिसतात, म्हणजे श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आसपास. तेव्हाच कापायचा. मग ऑक्टोबरच्या गोड छाटणीपर्यंत (घड धरण्यासाठीच्या छाटणीपर्यंत) कुजायला दोन महिने मिळतात. छाटणीनंतर कोवळ्या फुटींवर डाऊनी रोग टपलेला असतो, त्या वेळी ओळीत कमरेएवढं हिरवं रान उभं असेल तर बागेत हवा खेळत नाही आणि औषध फवारायचा ब्लोअरही नीट फिरत नाही.

माझं काय झालं ते ऐका. पहिल्या वर्षी कापणीच्या वेळी मजूर कपाशीच्या निंदणीला गेलेले. मी म्हटलं, अजून पंधरा दिवस वाढू दे, तेवढाच जास्त पाला. पुढे पावसानं आणखी दहा दिवस खाल्ले. ताग डोक्याच्या वर गेला, खोड लाकडासारखं झालं. रोटाव्हेटर घातला तर पात्यांना वाख (तागाचा धागा) असा गुंडाळला की दर ओळीला थांबून विळ्यानं सोडवावं लागे. शेजारचे एक बाबा बांधावर उभे राहून म्हणाले, "बागमा हाई कसाले पेरं रे भो, दोर वळाना शेतस का?" त्यांनी चार भारे नेलेही, पोळ्याला बैलांचे दोर केले. ताग मुळात वाखासाठीच लावत, हे मी विसरलो होतो. खरा फटका छाटणीनंतर बसला. निबर झालेल्या खोडात कर्ब फार आणि नत्र कमी. ते कुजवायला जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात, त्यामुळे ऐन फुटीच्या वेळी पानं फिकट पडली. कोवळा कापला असता तर हेच पीक नत्र देऊन गेलं असतं.

बियाण्याचं म्हणाल तर सलग एकराला वीस ते पंचवीस किलो ताग लागतो. आपण नऊ फुटांच्या ओळीत बोद (वेलाखालचा मातीचा उंचवटा) सोडून मधला चार-साडेचार फुटांचा पट्टाच पेरतो, म्हणून एकरी दहा-बारा किलो पुरे. पेरताना बियाण्याला चवळी गटाचं रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र धरणारं जिवाणू खत, चोळा. महिन्याभरानं एक रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल दिसली तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसताच पाला वाढतोय.

जमीन चोपण (क्षारांनी घट्ट झालेली) असेल किंवा पाणी साचत असेल तर तागाऐवजी धैंचा. तो पाण्यात पाय देऊन उभा राहतो, ताग मरतो. मुरमाड पट्ट्यात उडीद-मूग चालतात, शेंगा घरी येतात, पण शेंगांच्या मोहात कापणी लांबते आणि दाण्यात गेलेलं नत्र जमिनीला मिळत नाही. चवळीबाबत मात्र जपून. बागेत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक किडे) असतील तर चवळीचे बरेच वाण त्यांना पोसतात, उलट ताग त्यांची संख्या कमी करतो. वेलाच्या मुळ्या उकरून सूत्रकृमींच्या गाठी आहेत का बघा, मगच ठरवा.

कापायला ग्रास कटर किंवा मल्चर. कापलेला पाला बोदावर ओढा, फक्त खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर मुंग्या आणि मिलीबगला घर मिळतं. तणनाशकानं मारायचा विचार करू नका, आणि टू-फोर-डी तर बागेच्या आसपासही नको. वाऱ्यानं आलेल्या त्याच्या तुषारानंसुद्धा द्राक्षाची पानं पंख्यासारखी आकसतात.

एका पावसाळ्यात जमीन बदलेल अशी आशा मात्र धरू नका. हिरव्या पाल्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं आणि उरलेल्यातला बराचसा कर्ब आपल्या उन्हात हवेत उडून जातो. शेणखत बंद करून फक्त तागावर बाग चालवणारे पाहिलेत, त्यांच्या नादी लागू नका. पण ट्रॅक्टरच्या चाकानं दाबलेल्या पट्ट्यात तागाचं सोटमूळ उतरतं, ते कुजल्यावर पाण्याला वाट मिळते. माझ्याकडे तिसऱ्या वर्षी पावसानंतर ब्लोअर एक दिवस आधी बागेत जाऊ लागला. डाऊनीच्या हंगामात त्या एका दिवसाची किंमत तुम्हाला मी सांगायला नको.

एक राहिलं. तुमची बाग आगाप छाटणीची असेल, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्येच गोड छाटणी घेत असाल, तर वरचं वेळापत्रक तुम्हाला लागू नाही. त्या बागेत पावसाळ्यात ताग उभा करू नका. छाटणी कोणत्या महिन्यात घेता ते लिहा, मग त्या हिशेबानं बघू.